दोन पगार येऊनही महिनाअखेर खातं रिकामं: कात्री नेमकी कुठे लावायची?

चिंचवडच्या एका ताईंनी प्रश्न विचारलाय. नवरा-बायको दोघांचे मिळून १,४८,००० रुपये हातात येतात. घरात सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. गृहकर्जाचे ५० लाख शिल्लक, व्याज ८.७५ टक्के, वीस वर्षं बाकी, हप्ता ४४,२००. गाडीचा हप्ता १३,५००. दोन फोन, टीव्ही आणि गादी यांचे 'नो कॉस्ट' हप्ते मिळून ७,८००. क्रेडिट कार्डावर ८६,००० थकलेत आणि त्याची दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरली जाते. शिवाय दीड लाखाची एफडी आहे, तिला हात लावायचा नाही असं घरात ठरलंय. 'खर्चबंद महिना' दोनदा करून पाहिला, दोन्ही वेळा पुढच्या महिन्यात सगळं भरून निघालं. सासूबाई म्हणतात, आम्ही एका पगारात चौघांना वाढवलं. ताईंना आता कमी वस्तूंत, साधं राहायचंय. सुरुवात कुठून करू, आणि मुलीला काही कमी पडतंय असं न वाटता हे कसं जमवू, असं त्या विचारतात.

मी पूर्वी बँकेच्या कर्ज विभागात होते. आता बरीच वर्षं वेगवेगळ्या घरांत बसून त्यांचे घरखर्चाचे आणि कर्जाचे हिशेब लावून देते. ताईंनी आकडे इतके स्वच्छ दिलेत की निम्मं काम त्यांनीच केलंय. (बहुतेक लोक पगार सांगतात, कार्डाची थकबाकी मात्र चहाचा दुसरा कप येईपर्यंत सांगत नाहीत.)

तुमचे प्रश्न खरं तर दोन आहेत. खात्यातली गळती थांबवणं हे एक काम, कमी वस्तूंत राहणं हे दुसरं. दोन्ही चांगली आहेत, पण एकाच वेळी आणि एकाच उपायाने होत नाहीत. खर्चबंद महिना फसला तो याच घोळामुळे. तुमच्यात चिकाटी कमी होती म्हणून नाही.

बघा, तुम्ही दिलेल्या हप्त्यांत बाकीचे ठरलेले खर्च मिळवू. कार्डाची किमान रक्कम साधारण ४,३००. शाळेची फी आणि बस यांची महिन्याची सरासरी ११,००० धरते, सोसायटीचा मेन्टेनन्स ४,५००, एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातला दरमहा हप्ता, ५,०००, विम्याचे हप्ते महिन्याला वाटून ५,५००, इंटरनेट-मोबाइल-ओटीटी ३,२००, आणि धुणीभांडी-पोळ्यांच्या मावशींचे मिळून ६,५००. हे शेवटचे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमचे घाला. बेरीज येते १,०५,५००. म्हणजे पगारातला शंभरातला सत्तराहून जास्त रुपया महिना सुरू होण्याआधीच कुणाच्या तरी नावावर लागलेला आहे. उरले ४२,५००. त्यात किराणा, दूध, भाजी, पेट्रोल, वीज, गॅस, औषधं. खर्चबंद महिन्यात तुम्ही जी कात्री चालवली ती या ४२,५०० मधल्या फार तर दहा-बारा हजारांवर. हॉटेल बंद, कपडे बंद, मुलीची भेळसुद्धा बंद. घर सगळं चिडलेलं आणि वाचले सात-आठ हजार. तेही वाचले नव्हते, नुसते पुढे ढकलले गेले होते. मुलीचे बूट लहान झालेत तर ते या महिन्यात नाही तर पुढच्या महिन्यात घ्यावेच लागतात.

म्हणून मी कुठल्याही घरात आधी रोजच्या खर्चाकडे बघतच नाही. एकदा 'हो' म्हटलं आणि मग दर महिन्याला आपोआप जातात, असे पैसे आधी पाहते. तिथे एकदा 'नाही' म्हटलं की तेही दर महिन्याला लागू होतं, रोज मन मारावं लागत नाही.

पहिलं काम कार्डाचं, आणि इथे मी अजिबात गुळमुळीत बोलणार नाही. कार्डांचं व्याज बहुधा महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. तुमच्या विवरणपत्रावर नेमका दर छापलेला असतो, तो बघा. ८६,००० वर साडेतीन टक्के म्हणजे ३,०१० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५४२. तुम्ही भरलेल्या ४,३०० पैकी ३,५५२ व्याजाला आणि कराला गेले. मूळ रक्कम कमी झाली साडेसातशेच्या आसपास. वर्षाचा हिशेब केला तर कर धरून हे व्याज जवळजवळ ५० टक्के पडतं. आणि थकबाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे आज कार्डावर घेतलेल्या किराण्यावर आजपासून व्याज. दुसरीकडे एफडी तुम्हाला सात टक्क्यांच्या आसपास देत असेल, त्यावरही कर. डाव्या हाताने पन्नास टक्क्यांनी उसने घ्यायचे आणि उजव्या हाताने सात टक्क्यांनी ठेवायचे, असा हा व्यवहार आहे.

एफडी मोडा. घरात यावर भांडण होईल हे मला माहीत आहे, कारण जवळजवळ प्रत्येक घरात होतं. एफडी म्हणजे आधार आणि कार्ड म्हणजे खर्च, अशी मनात दोन वेगळी खाती असतात, ती एकमेकांना भेटतच नाहीत. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक अर्धा-एक टक्का व्याज कापेल, ते कापू दे. काही बँका अर्धवट रक्कम काढू देतात. नसतील देत तर पूर्ण मोडून उरलेल्या ६४,००० ची नवी एफडी करा. अट एकच. ज्या दिवशी थकबाकी भराल त्या दिवशी कार्डाची मर्यादा कमी करून घ्या आणि ऑनलाइन दुकानांत साठवलेला कार्डक्रमांक काढून टाका. हे न करता थकबाकी फेडलेली घरं मी पाहिली आहेत, दीड-दोन वर्षांत कार्ड पुन्हा तेवढंच भरलेलं असतं आणि आता एफडीही नसते. आणखी एक. पूर्ण रक्कम भरल्यानंतरही पुढच्या विवरणपत्रात थोडं व्याज दिसेल. विवरणपत्र निघाल्यापासून तुम्ही भरेपर्यंतच्या दिवसांचं ते असतं. तेही भरा आणि शून्य झाल्याची खात्री करा.

आता हे कशावर अवलंबून आहे तेही सांगते. दोघांपैकी एकाची नोकरी डळमळीत असेल, किंवा सासूबाईंचं ऑपरेशन ठरलेलं असेल, तर ६४,००० ची शिल्लक फार पातळ होईल. अशा वेळी निम्मी थकबाकी एफडीतून फेडून उरलेल्या रकमेसाठी बँकेकडून कमी व्याजाचं कर्ज घेता येतं. सोनं असेल तर सोनेतारण कर्जही कार्डापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. पण हा दुसरा मार्ग आहे. पहिला एफडीचाच.

दुसरं काम गृहकर्जाचं. साधेपणाच्या गप्पांत याचं नावही कुणी घेत नाही, कारण यात त्याग काहीच नाही. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने देते तो दर, साडेसहा टक्क्यांवरून साडेपाचवर आणला. तुमचा दर अजून ८.७५ असेल तर एकतर तुमचं कर्ज जुन्या पद्धतीच्या दराला जोडलेलं आहे, नाहीतर त्यावर बँकेने लावलेला जादा टक्का मोठा आहे. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या मापदंडाला, म्हणजे बहुधा रेपोला, जोडावी लागतात. जुनं कर्जही थोडं शुल्क भरून तिकडे नेता येतं. कर्ज गृहवित्त कंपनीचं असेल तर तिचे नियम वेगळे, तिथे थेट दर कमी करून मागा. शाखेत जा, लेखी अर्ज द्या, दुसऱ्या बँकेचा दर काय आहे ते लिहून न्या. ५० लाख, वीस वर्षं, ८.७५ टक्क्यांना हप्ता सुमारे ४४,२०० येतो, आठ टक्क्यांना सुमारे ४१,८००. महिन्याला जवळजवळ २,४०० रुपये, एका अर्जात. मात्र दर घटला की बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. एरवी मी मुदत कमी करायलाच सांगते. तुमची सध्याची ओढाताण पाहता वर्षभर हप्ता कमी करून घ्या. पुढे हातात पैसा आला की मधूनमधून जास्तीची रक्कम भरा, कारण बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व भरण्याचा दंड लागत नाही.

तिसरं, 'नो कॉस्ट' हप्ते. २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वात नसतं. होतं असं: व्याजाएवढी सूट दुकानदार किंमतीत देतो आणि बँक तेवढंच व्याज हप्त्यात लावते. त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क मात्र तुमच्याकडून जातं, आणि रोख घेतलं असतं तर मिळाली असती ती सूटही बहुधा हुकते. रकमा छोट्या असतात. माझा आक्षेप त्यांच्यावर नाहीच. हप्त्यामुळे पंचेचाळीस हजारांचा फोन 'महिन्याला अडीच हजारांचा' दिसतो, आणि जुना हप्ता संपायच्या आत नवा सुरू होतो, हा खरा तोटा. तुमचे चारही हप्ते चालू द्या, ते मोडण्यात फायदा नाही. प्रत्येकाची शेवटची तारीख फ्रिजच्या दारावर लिहून ठेवा. आणि ज्या महिन्यात एक संपेल त्याच महिन्यापासून ती रक्कम आपोआप आवर्ती ठेवीत जाईल अशी सोय बँकेत आजच करून ठेवा. पुढचा फोन त्या ठेवीतून येईल.

चौथं, आपोआप कापले जाणारे छोटे पैसे. ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरच्या अशा वसुलीआधी किमान चोवीस तास संदेश येणं बंधनकारक आहे. संदेश येतातही, आपण ते वाचत नाही. शनिवारी दोघांनी एकत्र बसा. यूपीआयच्या अॅपमध्ये ऑटोपेची यादी असते, बँकेच्या अॅपमध्ये कार्डावरच्या स्थायी सूचनांची (स्टँडिंग इन्स्ट्रक्शन्स) असते, आणि फोनच्या अॅप स्टोअरमधल्या वर्गण्या तिसरीकडेच असतात. तिन्ही जागा पाहिल्याशिवाय यादी पूर्ण होत नाही. मला अशा याद्यांत हमखास सापडतं ते मुलांचं एखादं शिकवणी-अॅप, जिमची वर्गणी आणि दोघांच्या फोनवर दोनदा घेतलेली एकच सेवा. तुमच्याकडून हजार-तेराशे तरी निघतील.

इथवरची बेरीज: कार्डाचे ४,३००, गृहकर्जाचे २,४००, वर्गण्यांचे १,३००. मोडलेल्या एफडीचं व्याज बुडेल ते महिन्याला पाचशेच्या आसपास. म्हणजे निव्वळ साडेसात हजार सुटले, आणि चारही हप्ते संपले की आणखी ७,८००. कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस करावी लागली नाही की मुलीची भेळ बंद करावी लागली नाही.

गाडीबद्दल मी ठाम सांगू शकत नाही. तुम्ही लिहिलंय की तुमची नोकरी शिवाजीनगरला आणि यजमानांची हिंजवडीला. पिंपरी ते स्वारगेट मेट्रो आता पूर्ण चालू आहे, तुमचं जाणं-येणं त्यावर भागेल. त्यांचं सहज भागणार नाही, आणि सासूबाईंना दवाखान्यात न्यायलाही गाडी लागते. गाडी कधी एकटी येत नाही. विमा, सर्व्हिसिंग, टायर, पीयूसी, धुणाऱ्याचे पैसे आणि 'गाडी आहेच तर जाऊन येऊ' म्हणून ठरलेल्या सहली अशी सगळी वरात येते. वापरा किंवा न वापरा, किंमत उतरतच असते. विम्यासाठी धरतात त्या घसाऱ्याच्या तक्त्यातही पाच वर्षांत निम्मी किंमत जाते. तेव्हा कर्जाची शिल्लक बँकेकडून लिहून घ्या आणि जुन्या गाड्यांच्या दोन व्यापाऱ्यांकडून भाव काढा. भाव शिल्लकीपेक्षा बराच वर असेल आणि यजमानांना कंपनीची बस असेल, तर विकण्याचा विचार करा. नाहीतर आहे ती गाडी नीट सांभाळून दहा वर्षं चालवा. पाचव्या वर्षी 'आता बदलूया' म्हणायचं नाही, एवढं ठरलं तरी पुष्कळ.

आता रोजच्या खर्चाकडे वळते. इथे मी घरच्या स्वयंपाकाला हात लावत नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये निघाला. त्यात धान्यावर ४ टक्क्यांच्या आसपास, आणि पेयं, बाहेरचं खाणं, तयार पदार्थ यांवर सुमारे ११ टक्के. गहू-तांदूळ स्वस्तात कुठे मिळतील यासाठी जिवाचं रान करणारी घरं मी पाहते, आणि त्याच घरांत रात्री साडेदहाला दहा मिनिटांत आइस्क्रीम येतं. वर्षाचं धान्य भरून ठेवायचं का, असंही लोक विचारतात. जागा असेल, आणि निवडून, ऊन दाखवून ठेवणारं कुणी घरात असेल, तर जरूर भरा. दोन खोल्यांत पोरकिडे झालेली पन्नास किलोची पोती ठेवण्यात कसली बचत?

दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या अॅपवर मात्र मी पूर्ण बंदी सुचवते, निदान तीन महिने. एकेक वस्तू महाग असते असं नाही, कधी वाण्यापेक्षा स्वस्तही असते. पण लिंबं हवी असतात आणि मोफत घरपोचसाठी दोनशे रुपये पुरे करायचे म्हणून बिस्किटं, चिप्स, नवा साबण येतो. दुसरं असं की यादी करायची सवयच मोडते. पूर्वी महिन्याची यादी वाण्याकडे जायची, त्यात विसरलेली गोष्ट पुढच्या आठवड्यापर्यंत थांबायची, आणि बरेचदा तिच्याशिवाय भागायचंही. ती थांबायची जागा घरात पुन्हा तयार करायची आहे. आठवड्याला एक यादी, एक खेप. पाकिटावर आता ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे किंमतही छापलेली असते, मोठं पाकीट नेहमी स्वस्तच असतं या समजुतीला ती बरेचदा धक्का देते.

खरेदीच्या संकेतस्थळांवर 'फक्त दोन शिल्लक', 'सेल संपायला अकरा मिनिटं' असं दिसतं, किंवा न मागितलेला विमा गुपचूप बिलात येतो. याला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या रचना म्हटलंय. तसे १३ प्रकार त्यात दिलेत. असं काही कापलं गेलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण मुळात एवढी हुशार माणसं आपल्याला घाई करायला लावण्यासाठी पगार घेतात, तेव्हा घाई न करण्याची सोय आपणही आधीच करून ठेवावी. मी एक नियम सुचवते. हजाराच्या वरची कुठलीही गोष्ट कार्टात टाकायची, घ्यायची मात्र रविवारी दुपारी, दोघांनी एकत्र बघून. रविवारपर्यंत निम्म्या गोष्टींची आठवणही राहत नाही. ज्या घरात एकजण खर्चिक आणि एकजण काटकसरी असतो तिथे हा नियम दुसऱ्याच्या हातातलं हत्यार होतो, हेही पाहिलंय. म्हणून सोबत दोघांनाही महिन्याला ठरावीक हातखर्च द्या, ज्याचा हिशेब कुणी कुणाला मागायचा नाही. दोन हजार म्हणा, तीन म्हणा. त्यातून कुणी लिपस्टिक घेईल, कुणी क्रिकेटचे ग्लोव्हज. विचारायचं नाही.

यूपीआयने पैसे जाताना काही जातंय असं वाटत नाही, ही तक्रार सगळ्यांची आहे. पुन्हा पाकिटात नोटा बाळगा असं मी आता कुणाला सांगत नाही, सुट्ट्यांवरून भांडणं होतात. दुसरं बचत खातं उघडा. एक तारखेला घरखर्चाची रक्कम, तुमच्या बाबतीत समजा ३२,००० रुपये, त्यात टाका आणि दोघांचंही यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडा. पगाराच्या खात्याचं यूपीआय काढून टाका. वीस तारखेला शिल्लक किती ते एका नजरेत कळतं. प्रत्येक चहाची नोंद ठेवणारी वही चालली तर उत्तम, पण ती बहुतेक घरांत गणपतीपर्यंत चालते आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा सुरू होते.

सगळ्यांत अवघड खर्च देण्याघेण्याचा. यावर कुठलंही गणित सांगत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. सोसायटीत वर्गातल्या आणि मजल्यावरच्या मुलांचे वाढदिवस, प्रत्येकाला भेट, परत रिटर्न गिफ्ट. संक्रांतीचं वाण एकेकाळी हळदीकुंकवाच्या पुडीएवढं असायचं, आता ते डब्यांच्या संचापर्यंत गेलंय आणि मागच्या वर्षीच्यापेक्षा कमी कसं द्यायचं हा प्रश्न. डोहाळजेवणाला फोटोग्राफर, बारशाला थीम. यातला एकही खर्च एकट्याने ठरवलेला नसतो, त्यामुळे एकट्याने बंद करताना लाज वाटते. वर्षभराचे हे सगळे खर्च एकदा मांडा. लग्नं, मुंजी, वाढदिवस, भाऊबीज, मावशींचा दिवाळीचा बोनस. बाराने भागा आणि ती रक्कम महिन्याला वेगळी ठेवा. हे खर्च कार्डावर जातात ते अचानक आल्यासारखे वाटतात म्हणून, खरं तर दिनदर्शिकेत ते आधीच छापलेले असतात. मग रक्कम कमी कशी करायची? पहिला माणूस कुणीतरी व्हावं लागतं. मला ज्या सोसायट्या माहीत आहेत त्यांतल्या एकीत चार आयांनी मिळून ठरवलं की मुलांच्या वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट नाही. आठवड्याभरात बाकीच्याही सामील झाल्या, कारण प्रत्येकीला तेच हवं होतं. लग्नपत्रिकेवर 'आहेर आणू नये' लिहायला कुणीतरी सुरुवात केलीच होती ना. मावशींचा बोनस मात्र या यादीत सगळ्यांत वर ठेवा आणि त्यांच्या पगाराला हात लावू नका. चारशे रुपये वाचवायला निघालेलं घर आधी तिथेच जातं, आणि मला त्याचा राग येतो.

विमाही कापायचा नाही. आरोग्यविमा आणि टर्म प्लॅन (फक्त मृत्यूनंतर घरच्यांना रक्कम देणारा विमा) असेल तर तसाच राहू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेला आहे, तुमच्या नूतनीकरणात तो वगळला आहे ना तेवढं पाहा. बचतीच्या नावाखाली विकलेल्या जुन्या पॉलिसी असतील तर त्या वेगळा विषय, पॉलिसी बघितल्याशिवाय बोलता येत नाही.

आता साधेपणाचं. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. कपाटं रिकामी करण्याची लाट आली की लोक चांगल्या वस्तू देऊन टाकतात आणि मग त्या 'साध्या' घरासाठी बांबूचे डबे, लिननचे पडदे, काचेच्या बरण्या नव्याने घेतात. तुम्ही काहीच देऊन टाकू नका, काहीच घेऊही नका. सहा महिने फक्त आहे ते वापरा. मिक्सर बिघडला तर दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यापेक्षा कमी आहे का एवढं पाहायचं, असेल तर दुरुस्त करायचा. साड्यांना फॉल, पँटला अल्टर, रफू करणारे अजून प्रत्येक पेठेत आणि प्रत्येक उपनगरात आहेत. सहा महिन्यांनी घरातल्या कुठल्या वस्तूंना हातच लागला नाही ते आपोआप दिसेल. तेव्हा त्या द्या.

सासूबाईंच्या टोमण्याबद्दल दोन शब्द. त्या निम्म्या बरोबर आहेत. त्यांच्या वेळी उधारी वाण्याकडे होती आणि वाणी ओळखीचा होता, तो स्वतःच म्हणायचा, वहिनी, मागचं आधी भागवा. पण त्यांच्या काळात चिंचवडला फ्लॅटसाठी पगारातले तीस टक्के आणि पहिलीच्या मुलीसाठी वर्षाला लाखाच्या वर जात नव्हते. वाद घालू नका. आठवड्याची यादी करण्याचं काम त्यांच्याकडे द्या. ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं येतं, आणि घरात काय शिल्लक आहे हे त्यांनाच नेमकं माहीत असतं.

मुलीची काळजी तुम्ही करताय तेवढी करायची गरज नाही असं मला वाटतं. सहा वर्षांच्या मुलीला थकबाकी कळत नाही, आईबाबांचा ताण कळतो. 'आपल्याकडे पैसे नाहीत' हे वाक्य तिच्यासमोर टाळा, कारण ते खरंही नाही आणि ती घाबरेल. 'या महिन्यात आपण हे ठरवलं नाहीये, पुढच्या यादीत लिहूया' असं म्हणा आणि खरंच यादीत लिहा. नुसतं गप्प करण्यासाठी म्हटलेलं मुलं दोन वेळा ऐकून घेतात, तिसऱ्या वेळी नाही. वाढदिवसाला तिलाच निवडू द्या: हॉल घेऊन वीस मुलं, की घरी सहा मैत्रिणी आणि दुसऱ्या दिवशी सिंहगड. दोन्हींचा खर्च आधी काढून ठेवा आणि ती जे निवडेल ते करा, महागडं निवडलं तरी. आणि शनिवारी यादी करायला बसाल तेव्हा तिलाही बसवा, वस्तूंपुढे बरोबरच्या खुणा करायला तिला आवडेल.